तपासून घेतलेलं पुस्तक

"सिनेमापेक्षा पुस्तक केव्हाही सरस," हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याचे मध्यमवर्गावर फार उपकार आहेत. कारण हे म्हणायला पुस्तक वाचावं लागत नाही आणि सिनेमाही पाहावा लागत नाही. हातात चहाचा कप असावा, मान जरा तिरकी धरता यावी, बस्स. समोरचा माणूस आपल्याला लगेच वाचक समजतो. आमच्या निरीक्षकांनी हे वाक्य आयुष्यात दोनशे वेळा तरी वापरलं असेल, आणि दोनशे वेळा ते बिनबोभाट खपलं. दोनशे एकाव्या वेळी मात्र ते त्यांनी पोटच्या पोरीसमोर वापरलं, आणि तिथून त्यांचं जे घसरलं ते थेट भर सभेत तोंडावर आपटेपर्यंत.

निरीक्षक म्हणजे वजनमापं खात्याचे निरीक्षक. दुकानादुकानांत जायचं, आपल्या पेटीतली प्रमाण वजनं काढायची, दुकानदाराची वजनं त्यांच्याशी ताडून पाहायची. बरोबर असली तर शिक्का, कमी भरली तर जप्ती. एकवीस वर्षं हेच काम. त्यांच्या पेटीवरचं कुलूप कोणी उघडं पाहिलं नाही आणि त्यांची सही असलेल्या कागदावर कोणी शंका घेतली नाही. इमारतीत सगळे त्यांना पाठीमागे 'काटेकोर' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

तर सहा महिन्यांपूर्वी, त्यांच्या वाढदिवसाला, लेकीने त्यांना स्वतःचं पुस्तक दिलं. विकत आणलेलं नव्हे, स्वतः वाचलेलं. 'आठवं दार' नावाची विज्ञान कादंबरी. चारशे वर्षांच्या प्रवासाला निघालेलं एक अवकाशयान, त्यात जन्मलेली पंधरा वर्षांची मुलगी, आणि यानातली दारं सांभाळणारा तिचा बाप. सात दारं उघडतात, आठवं कधीच उघडत नाही. लेकीच्या वर्गातल्या सगळ्या पोरांना या पुस्तकाने वेड लावलं होतं. त्यावर सिनेमाही निघाला होता आणि तो निरीक्षकांनी लेकीबरोबर घरीच पाहिला होता. म्हणजे पहिली वीस मिनिटं पाहिला होता. विसाव्या मिनिटाला स्फोटात त्या मुलीचा बाप मरतो. तो मरेपर्यंत निरीक्षक जागे होते.

आता लेकीचं वय चौदा. या वयाच्या मुलींचा बाप ज्याने व्हावं त्यालाच कळतं. वर्षभरापूर्वीपर्यंत जी पोरगी पेटीतली छोटी वजनं ओळीने मांडून दुकान-दुकान खेळायची, ती आता 'हो', 'नाही' आणि 'बघू' एवढ्या तीन शब्दांत संसार चालवत होती. खोलीचं दार बंद. जेवायला हाक मारली की 'आले', आणि पंधरा मिनिटं पत्ता नाही. अशा पोरीने आपणहून पुस्तक हातात ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, वाचच. मग बोलू आपण." निरीक्षकांचा ऊर भरून आला. ऊर भरून आला तरी पुस्तक वाचून होत नाही, ही गोष्ट वेगळी.

पंधरा दिवसांनी तिने विचारलं, "वाचलंस?"

आता 'नाही' म्हणायला काय जात होतं? काही नाही. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "वाचलं की!"

"मग? कसं वाटलं?"

"सिनेमापेक्षा पुस्तक केव्हाही सरस."

पोरीचा चेहरा असा फुलला, की तसा त्यांनी वर्षभरात पाहिला नव्हता. ती टेबलाशी बसली आणि वीस मिनिटं बोलत राहिली. सिनेमात त्या वैमानिकाला उगाच कसं घुसवलंय, बापाला मारून टाकून कसा सगळा विचका केलाय. निरीक्षक 'तेच ना', 'अगदी', 'मी तरी काय म्हणतोय' असं म्हणत माना डोलवत राहिले. त्या वीस मिनिटांसाठी त्यांनी काहीही दिलं असतं. त्यांनी आपला खरेपणा दिला. पुढे महिन्याभराने तिने पुन्हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "सध्या दुसऱ्यांदा वाचतोय."

त्याच सुमाराला घरातलं कपडे धुण्याचं मशीन चालायला लागलं होतं, हेही इथेच सांगून टाकतो. चालायला म्हणजे पायांनी. कपडे पिळायची वेळ आली की ते थरथरत न्हाणीघराच्या दारापर्यंत यायचं. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना अख्खी इमारत हेडमास्तर म्हणते, त्यांनी मशीनचं तोंड पूर्वेला करायचा सल्ला दिला. तेही करून पाहिलं. मशीन पूर्वेकडे चालायला लागलं. शेवटी दुरुस्तीवाला आला आणि म्हणाला, "मागचा पाय झिजलाय. काहीतरी जाड, टणक द्या, खाली सारतो." निरीक्षक तेव्हा फोनवर साहेबांशी बोलत होते. त्यांनी फ्रिजवर हात फिरवला, जे लागलं ते मागे न बघता दिलं. तेव्हापासून मशीन जागचं हललं नाही.

असे सहा महिने गेले. आणि एका सोमवारी लेक शाळेतून आली ती नाचतच. गावातल्या वाचनालयात शनिवारी मुलांसाठी कार्यक्रम होता: 'आठवं दार: पुस्तक की पडदा?' मुलांनी आपापल्या पालकांची नावं सुचवायची होती. सगळ्यांत चांगलं कारण लिहिणाऱ्या मुलाच्या पालकाला मुख्य वक्ता म्हणून बोलावणार होते.

"तुझं नाव लागलं, बाबा!"

"माझं? का?"

"मी लिहिलं, की माझ्या वर्गात एवढा एकच बाप आहे ज्याने हे पुस्तक दोनदा वाचलंय."

निरीक्षकांनी हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात थंड पडला होता.

पुढचे दोन दिवस त्यांनी घरात पुस्तक शोधलं. उघड शोधायची सोय नव्हती, म्हणून विजेचं बिल शोधतोय असं सांगून शोधलं. कपाटं पालथी घातली, माळ्यावर चढले, गादी उचलली. बायको परिचारिका. तिच्या रुग्णालयातल्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे ती दुपारी झोपलेली असताना तिच्या पलंगाखालीही ते सरपटून आले. ती डोळे न उघडता म्हणाली, "अहो, बिल भरलंय मी." निरीक्षक म्हणाले, "मागच्या वर्षीचं शोधतोय." पुस्तक काही मिळालं नाही.

मग हेडमास्तरांकडे जाणं आलं. हेडमास्तरांकडे कोणी जात नाही, ते आपोआप जिन्यात भेटतात. निरीक्षकांनी अगदी दुसऱ्याच कुणाची तरी अडचण म्हणून सांगितलं, "माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत..."

"तुम्ही वाचलेलं नाही," हेडमास्तर म्हणाले. "त्यात लाजायचं काय! छत्तीस वर्षं मी कित्येक धडे न वाचता शिकवले. मी सांगतो ते लिहून घ्या. सुरुवातीला म्हणायचं, प्रत्येक माध्यमाची आपापली ताकद असते. मध्ये एका पात्राला डोक्यावर घ्यायचं. आणि शेवटाचं कौतुक करायचं. शेवटाचं कौतुक केलं, की लोकांना वाटतं माणसाने सगळं वाचलंय."

"पण शेवट काय आहे?"

"तेवढं मात्र वाचावं लागेल," हेडमास्तर खेदाने म्हणाले.

म्हणून बुधवारी दुपारी निरीक्षक वाचनालयात गेले. वाटेत एका किराणा दुकानात तपासणी होती. तिथलं अर्ध्या किलोचं वजन दहा ग्रॅम कमी भरलं. दुकानदार म्हातारा होता, हात जोडून म्हणाला, "साहेब, झिजलंय हो. दहा ग्रॅमचा काय तो फरक." निरीक्षकांनी वजन जप्त केलं आणि वर ऐकवलं, "दहा ग्रॅम असो नाहीतर एक. कमी ते कमी. सही करायच्या आधी माणसाने दहादा बघावं." दुकानदाराने जप्तीच्या कागदावर निमूट सही केली. हे वाक्य आपण लक्षात ठेवू, कारण निरीक्षकांना ते तासाभरात विसरायचं होतं.

वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या.

"कुमार विभागातलं पुस्तक मोठ्यांच्या कार्डावर मिळत नाही."

"माझ्या मुलीचं कार्ड आहे ना."

"मग तिला पाठवा."

"तिला कळता कामा नये."

बाईंनी चष्मा काढून पाहिलं. निरीक्षक घाईघाईने म्हणाले, "म्हणजे तिला धक्का द्यायचाय. आनंदाचा." पुढे तो त्यांनी दिलाच, फक्त आनंदाचा नव्हता.

"इथे बसून वाचलं तर?"

"कुमार विभागात सोबत मूल असल्याशिवाय मोठ्यांना बसता येत नाही. आणि तसंही, शनिवारच्या कार्यक्रमामुळे आठच्या आठ प्रती बाहेर गेल्यात. तुमचा नंबर एकोणिसावा लागेल." मग बाईंना त्यांची दया आली असावी. "नववी प्रत कालच बांधणीवरून आलीय. ती अजून कुठल्या विभागाच्या नावावर नाही, तेव्हा मोठ्यांच्या कार्डावर देता येईल. पण तपासणी व्हायचीय. पानं मोजायची, क्रम बघायचा आणि या वहीत सही करायची. आमचा तपासणारा माणूस सोमवारपर्यंत रजेवर आहे."

निरीक्षक ताठ झाले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्या विषयावर बोललं होतं. "तपासणी? बाई, एकवीस वर्षं मी दुसरं काय करतोय? आणा ती वही."

त्यांनी पेन काढलं आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'पाने तपासली. पूर्ण व क्रमवार आहेत.' खाली सही, सहीखाली हुद्दा, हुद्द्याखाली तारीख. सगळं सवयीने झालं. एक पान उलटायचं राहिलं, तेवढंच. एकवीस वर्षांत न बघता केलेली ही त्यांची पहिली सही.

आता एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. पुस्तक त्यांनी खरोखर वाचलं. बसमध्ये, कचेरीत फायलीच्या आड, घरी न्हाणीघरात दार लावून, मशीनच्या शेजारी स्टूल टाकून. आणि पुस्तकाने त्यांना धरलं. गुरुवारी त्यांचा बसथांबा हुकला. दारांना तेल घालणारा तो बाप, रोज निजताना लेकीच्या उशाशी बसून 'अजून प्रवास चालू आहे, बाहेर नुसता अंधार आहे' असं सांगणारा, त्यांना फार आवडला. सिनेमात वीस मिनिटांत उडवून दिलेला माणूस इथे पानापानावर होता. असं पुस्तक पोरीने आपल्याला दिलं आणि आपण ते सहा महिने उघडलंही नाही, या विचाराने त्यांना कसंतरीच व्हायचं. मग ते स्वतःला समजवायचे, की आता वाचतोय ना, म्हणजे झालं. उशिरा का होईना, खोटं खरं होतंय.

शुक्रवारी संध्याकाळी ते शेवटच्या पानावर पोचले. मुलगी आठव्या दारापाशी जाते. शेवटचं वाक्य होतं, 'तिने दारावर हात ठेवला. दार कोमट होतं.' संपलं. पुढे कोरा कागद आणि पुठ्ठा. निरीक्षक भारावून बसून राहिले. सिनेमात दार स्फोटाने उडवतात, एवढं ते लेकीकडून ऐकून होते. आणि इथे? दार उघडतच नाही! केवढं धाडस त्या लेखकाचं! हेडमास्तर म्हणाले तसा कौतुक करण्याजोगा शेवट सापडला होता.

शनिवारी पाच वाजता वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. साठ-सत्तर मुलं, मागे त्यांचे आईबाप. पहिल्या रांगेत दोन वेण्यांची एक नऊएक वर्षांची मुलगी, आणि तिच्या शेजारी तिचे आजोबा. आजोबांना पाहून निरीक्षक किंचित चपापले. ते बुधवारचे किराणा दुकानदार होते. लेक तिसऱ्या रांगेत मैत्रिणींच्या मधोमध बसली होती. निरीक्षक ध्वनिक्षेपकासमोर आले तशी ती शेजारणीच्या कानात काहीतरी बोलली. 'हाच माझा बाबा' असं काहीतरी असावं, कारण बोलताना ती हसत होती.

सुरुवात झकास झाली. प्रत्येक माध्यमाची आपापली ताकद असते, हे ऐकून मागचे आईबाप समाधानाने टेकून बसले. सिनेमातल्या वैमानिकाचे केस एवढ्या लढायांत एकदाही विस्कटत नाहीत, या लेकीकडून ऐकलेल्या शेऱ्यावर पोरं खदाखदा हसली. निरीक्षकांना अंगात बळ आल्यासारखं वाटलं.

"पण खरा फरक आहे तो बापाचा," ते म्हणाले. "सिनेमाने त्याला मारलं, कारण सिनेमाला तो पेलला नाही. या पुस्तकातला बाप, मुलांनो, आपल्या लेकीशी कधी एका शब्दाने खोटं बोलत नाही! माझ्या खात्याच्या भाषेत सांगायचं तर त्याच्या बोलण्यात एक ग्रॅमसुद्धा कमी भरत नाही. बाप असावा तर असा!"

सभागृहात कुजबुज झाली. कोणीतरी फिसकन हसलं. निरीक्षकांना वाटलं, ग्रॅमचा विनोद लागू पडला. लेकीचं हसू मात्र थांबलं होतं. ती पुढे वाकून त्यांच्याकडे बघत होती.

"आणि शेवट!" निरीक्षक रंगात आले होते. "ते दार उघडतच नाही! तिने दारावर हात ठेवला, दार कोमट होतं, आणि पुस्तक संपलं! आपल्याला दाराशी उभं करून लेखक निघून जातो!"

आता मुलं उघड हसायला लागली. दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. "काका, मग चोविसाव्या प्रकरणात काय होतं?"

"चोविसावं?" निरीक्षकांच्या पुस्तकात एकोणीस होती.

इथे माणसाने गप्प बसावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण व्यासपीठावर उभ्या माणसाला गप्प बसता आलं असतं तर जगातली निम्मी भाषणं झालीच नसती. निरीक्षक गंभीरपणे म्हणाले, "ती प्रकरणं मागाहून जोडलेली असावीत. मूळ पुस्तकात ती नाहीत."

ग्रंथपाल बाई उठल्या. व्यासपीठावर आल्या, निरीक्षकांच्या हातातली प्रत घेतली आणि मागून उघडली. "दोनशे चाळिसाव्या पानानंतर पुठ्ठाच आहे," त्या म्हणाल्या. "बांधणाऱ्याने शेवटची पाच प्रकरणं घातलीच नाहीत." मग कपाळाला आठ्या घालून त्या टेबलापर्यंत गेल्या आणि वही घेऊन आल्या. "पण साहेब, हे तर तपासलेलं आहे. 'पाने तपासली. पूर्ण व क्रमवार आहेत.' ही आपलीच सही ना?"

बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. नोंद जुळत नव्हती, म्हणून विचारलं. पण सगळं ध्वनिक्षेपकात गेलं.

पहिल्या रांगेतून किराणा दुकानदार हळूच म्हणाले, "पाच प्रकरणं कमी भरली, साहेब."

आणि मग सभागृह हसलं. मुलं हसली, आईबाप हसले, दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा हसला. दोन वेण्यांची मुलगी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागली, "काका, तो बाबाच तर खोटं बोलत असतो! यान अकरा वर्षांपूर्वीच पोचलेलं असतं! त्याला माहीत असतं! तो घाबरलेला असतो म्हणून तिला सांगत नाही!"

निरीक्षकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ते सगळं एक वेळ पचलं असतं. कारण हसणारी माणसं घरी जातात आणि विसरतात. तिसऱ्या रांगेतली लेक हसत नव्हती. ती उभी राहिली. मैत्रिणीने तिची बाही ओढली, तरी ती उभीच राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "मी दिलेल्या पुस्तकात शेवट आहे ना? ते तू दोनदा वाचलंस ना?"

हसू थांबलं. निरीक्षकांच्या जिभेवर दोन-तीन उत्तरं आली. ते पुस्तक वाचून आता सहा महिने झाले, विसर पडला, हेही म्हणता आलं असतं. पण पोरीच्या डोळ्यांत अजून थोडी आशा होती, की बाबा काहीतरी असं सांगेल ज्याने सगळं बरोबर होईल. त्या आशेकडे बघून त्यांना आणखी एक खोटं बोलवलं नाही.

"मी ते वाचलंच नाही," ते म्हणाले. त्यांना हे हळू म्हणायचं होतं, फक्त तिला. पण समोर ध्वनिक्षेपक होता.

लेक खाली बसली. कोणीतरी चुकून टाळी वाजवली आणि लगेच थांबवली.

घरी जाताना बस रिकामी होती, तरी लेक पुढच्या बाकावर एकटी जाऊन बसली. निरीक्षक मागून तिच्या मानेकडे बघत होते. त्यांना घाम येत होता आणि तो पुसायचीही लाज वाटत होती. घराच्या दाराशी ती न वळता म्हणाली, "पुस्तक कुठंय? हरवलंस?"

"हरवलं नाही. सापडत नाहीये," निरीक्षक म्हणाले. एकवीस वर्षांच्या नोकरीने तोंडात घातलेलं उत्तर ते. लेकीने खोलीचं दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी बायको रात्रपाळी संपवून आली. कपडे मशीनमध्ये टाकून ते चालू करता करता तिने सगळं ऐकलं. वहीतल्या सहीपर्यंत आल्यावर ती हसून हसून स्टुलावर बसली. मग तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि थांबली.

"अहो, कुठलं पुस्तक? ते निळं? वर दार काढलेलं?"

"तेच. घर पालथं घातलं मी."

"ते तर या मशीनखाली आहे."

"तुला माहीत होतं?"

"सहा महिने रोज दिसतंय. मला वाटलं, तुमचं वाचून झालंय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! त्याच मशीनशेजारी स्टूल टाकून त्यांनी वाचनालयाची अर्धवट प्रत वाचली होती, आणि पुरी प्रत त्यांच्या पावलापासून हातभर अंतरावर होती. आवाज ऐकून हेडमास्तर वरून उतरले आणि मशीन आधी रिकामं करा, मग तिरकं करा, असं सांगू लागले. निरीक्षकांनी रिकामं न करताच तिरकं केलं. पाणी बाहेर आलं, हेडमास्तर जसे आले तसे वर गेले. पण पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर मशीनच्या पायाचा गोल खड्डा पडला होता आणि कडेची पानं ओल लागून फुगली होती.

निरीक्षकांनी ते पंच्याने पुसलं आणि उघडलं. समासात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. तिसऱ्या प्रकरणात: 'बाबा, हा माणूस कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतो. कोण आठवलं?' नवव्यात: 'इथे हसलास का? खरं सांग.' चौदाव्यात: 'मला हे पान सगळ्यांत आवडतं. तुला कुठलं, ते खाली लिही.' खाली तिने दोन ओळी रिकाम्या सोडल्या होत्या.

म्हणजे तिने नुसतं पुस्तक दिलं नव्हतं. जी पोरगी घरात तीन शब्दांवर दिवस काढत होती, ती इथे पानापानावर त्यांच्याशी बोलत होती. आणि ते सगळं बोलणं त्यांनी ओल्या फरशीवर मशीनच्या पायाखाली घातलं होतं.

बाविसाव्या प्रकरणात पुस्तकातला बाप लेकीला सांगतो, की यान कधीच पोचलंय आणि मी तुझ्याशी अकरा वर्षं खोटं बोललो. त्या पानाच्या समासात लिहिलं होतं: 'तू मला असं कधीच फसवणार नाहीस. म्हणून हे पुस्तक तुला दिलं.'

भर सभेत अख्खं सभागृह हसलं तेव्हा त्यांना लाज वाटली होती. पण लाज म्हणजे काय ते त्यांना न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसून कळलं. कालच्या त्या लाजेत थोडा राग होता, बांधणाऱ्यावर, ग्रंथपाल बाईंवर, दुकानदारावर. या लाजेत कोणावर ढकलायला कोणी नव्हतं. त्यांनी डोळे पुसले. बायकोने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून मशीन पुन्हा चालू केलं.

निरीक्षक लेकीच्या दाराशी गेले. टकटक केलं. "मिळालं पुस्तक."

ते दाराला टेकून उभे राहिले.

"मशीनच्या पायाखाली होतं. मीच दिलं होतं, न बघता. तू समासात लिहिलेलं आत्ता वाचलं. आधी एकही ओळ वाचली नव्हती."

"कळलं."

"आणि सिनेमाही पुरा पाहिला नव्हता. झोपलो होतो."

"ते माहीत होतं. घोरत होतास."

'माफ कर' हे शब्द त्यांनी दुकानदारांच्या तोंडून हजारदा ऐकले होते. स्वतः म्हणायची वेळ आली तर ते एवढे जड असतात याची कल्पना नव्हती. "माफ कर गं," ते दाराला म्हणाले. दार उघडलं नाही. तेवढ्यात न्हाणीघरातून बायको ओरडली, "अहो, धावा! मशीन निघालं!"

टेकू काढल्यावर दुसरं काय होणार! निरीक्षक धावले. मशीन थरथरत उंबऱ्यापर्यंत आलं होतं. त्यांनी ते ढकलत भिंतीला नेलं आणि समोर फरशीवर बसून पाठ लावून दाबून धरलं. पिळण्याची दहा मिनिटं बाकी होती. हातात दुसरं काही नव्हतं. त्यांनी विसावं प्रकरण काढलं. खाली घालायला आणखी एखादं पुस्तक आणू का, असं बायकोने विचारलं. ते म्हणाले, "नको. मी आहे."

दोनएक पानं झाली असतील. मशीन अचानक जरा शांत झालं. निरीक्षकांनी वर पाहिलं. लेक मशीनवर चढून बसली होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"कुठवर आलास?"

"विसावं."

"मोठ्याने वाच."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. आवाज कापत होता. मशीनमुळेच कापत होता, असं आपण धरून चालू. पान संपलं, त्यांनी उलटलं, पुढे वाचू लागले. वरून एक हात आला आणि पुस्तकावर पडला.

"थांब. दोन पानं एकदम उलटलीस."

पानं ओलीने चिकटली होती. "दिसलं नाही मला," निरीक्षक म्हणाले.

"नीट बघ," लेक म्हणाली. "मी मोजतेय."

निरीक्षकांनी नखाने हलकेच पानं सुटी केली, वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिथून पुन्हा वाचायला लागले.